बाभळीचं नाव बदललं, म्हणजे नक्की काय बदललं?

प्रश्न असा आहे: शाळेच्या आवारातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या आहेत. बाभळीसाठी एका जुन्या पुस्तकात ‘अकेशिया अरेबिका’ मिळालं, दुसऱ्यात ‘अकेशिया निलोटिका’, आणि मोबाइलवरचं ॲप ‘वॅचेलिया निलोटिका’ दाखवतं. यातलं बरोबर कोणतं? आणि कुठलं झाड किंवा प्राणी कोणत्या गटात, हे शास्त्रज्ञ मुळात ठरवतात कशावरून?

पाटीवर वॅचेलिया निलोटिका लिहा. बाकीची दोन नावं छापखान्याच्या चुका नाहीत. ती त्या त्या काळी रीतसर वापरात होती आणि आजही त्याच झाडाकडे बोट दाखवतात. हे कसं होतं ते कळण्यासाठी तीन कामं वेगवेगळी धरावी लागतात. पहिलं ओळखण्याचं: समोरची फांदी माहीत असलेल्या कोणत्या जातीची आहे? दुसरं गट लावण्याचं: ही जाती कोणाची सख्खी आणि कोणाची चुलत? तिसरं नाव देण्याचं: ठरलेल्या गटाला नियमांप्रमाणे कोणतं नाव लागू होतं? पहिल्या कामाला भिंग लागतं, दुसऱ्याला पुरावा आणि तर्क, तिसऱ्याला नियमांचं पुस्तक आणि जुनी कागदपत्रं. बाभूळ ओळखण्यात कोणाचीच चूक झाली नव्हती. बदल दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात झाला.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत उतरंड अशी येते: सृष्टी, संघ (वनस्पतींसाठी विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती वरची पायरी आणि जाती सगळ्यांत खालची. वर्तमानपत्रात मात्र ‘पालीची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं, तेव्हा बातमीदाराला बहुतेक वेळा जातीच म्हणायचं असतं. या एका शब्दामुळे मुलांचे गुण जातात. म्हणून इथे वरच्या पायरीला मी ‘वंश’ म्हणतो आणि खालच्या पायरीला ‘जाती’. बाभळीच्या नावात वॅचेलिया हा वंश, निलोटिका हे जातीचं विशेषण, आणि दोन्ही मिळून जातीचं नाव. नुसतं ‘निलोटिका’ हे कशाचंच नाव होत नाही.

आता प्रत्यक्ष फांदी हातात घ्या. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग लागेल. पाटीच्या कामाला त्याहून जास्त काही लागत नाही. बाभळीसारखी दिसणारी, काटेरी किंवा पिवळ्या फुलांची पाच-सहा झाडं आपल्याकडे सर्रास आढळतात: बाभूळ, हिवर, खैर, वेडी बाभूळ आणि रस्त्याच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. शिकेकाईचा वेलही याच घरातला.

सुरुवात काट्यापासून करू नका, फुलापासून करा. बाभळीचा पिवळा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, तो अनेक फुलांचा गुच्छ असतो. सुईने त्यातलं एकच फूल सोडवून घ्या आणि पुंकेसर मोजा. दहा भरले तर झाड वेड्या बाभळीचं किंवा तिच्याच गोतावळ्यातल्या शमीचं. मोजता येणार नाहीत इतके असले तर पुढचा प्रश्न: ते बुडापर्यंत सुटे आहेत की खाली एकमेकांना चिकटून त्यांची नळी झाली आहे? नळी असेल तर शिरीष किंवा वर्षावृक्षाचा गट. सुटे असतील तर जुन्या अर्थाने अकेशिया. जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये अकेशियाची सीमा आखली ती याच खुणेवर: पुंकेसर पुष्कळ आणि सुटे. ही व्याख्या दीडशे वर्षांहून जास्त टिकली.

त्यानंतर काटा बघा. बाभळीला पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक सरळ, पांढरट, सुईसारखा काटा असतो. तो पानाच्या तळाशी येणाऱ्या उपपर्णाचं रूपांतर असतो, म्हणून जागा ठरलेली आणि जोडी ठरलेली. हिवराचंही तसंच; फरक एवढाच की हिवराचे गोंडे फिक्या मलईच्या रंगाचे असून मोठ्या फुलोऱ्यात येतात आणि खोड फिकट असतं. खैराचा काटा आखूड आणि वाघनखासारखा वाकडा. तो उपपर्ण नव्हे, पेराच्या जरा खाली सालीतून उगवलेला अंकुश असतो. खैराची फुलंही गोंड्यात येत नाहीत, लांबट तुऱ्यात येतात. शिकेकाईची फुलं गोल गोंड्यात येतात, पण काटे वाकडे आणि खोडभर विखुरलेले. इथे फुलोऱ्याच्या आकारावर गेलात तर शिकेकाई बाभळीशेजारी जाऊन बसेल, काट्यावर गेलात तर खैराशेजारी. नातं खैराशीच आहे. आणखी एक बारीक खूण भिंगातून दिसते: बाभळीच्या गोंड्याच्या देठावर इवल्या छदांचं (फुलोऱ्याखालच्या खवल्यांसारख्या पानांचं) एक कडं असतं, आणि खैराच्या गटात ते नसतं.

ऑस्ट्रेलियन बाभळीला काटे नाहीतच, आणि आपण जिला पान म्हणतो ते पान नाही. ती लांब, कोयत्यासारखी वाकलेली, उभ्या शिरांची पट्टी म्हणजे चपटा झालेला देठ. हे पटत नसेल तर बी रुजवून बघा. रोपाची पहिली काही पानं बाभळीसारखी बारीक पर्णिकांची निघतात, मग देठ रुंदावत जातो, पर्णिका गळतात आणि पुढे नुसता देठच उरतो. मुलांना दाखवण्यासारखा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. गट लावताना अवयव दिसायला कसा आहे यापेक्षा तो कशापासून बनला आहे हे महत्त्वाचं का, ते एका कुंडीत कळतं.

इथपर्यंत बेंथमची सीमा चालून गेली. अडचण नात्यांचा प्रश्न विचारल्यावर आली. आज गट स्वीकारण्याची मुख्य अट अशी: गटात एका पूर्वजाची सगळी संतती आली पाहिजे, कोणी बाहेर राहता कामा नये आणि बाहेरचा कोणी आत घुसता कामा नये. घरातल्या वंशावळीसारखं समजा. आजोबांच्या सगळ्या नातवंडांचा गट होतो. पण ‘चष्मा असलेली नातवंडं आणि चष्मा असलेला शेजारचा मुलगा’ हा गट वंशावळीत कुठेच बसत नाही. सरपटणारे प्राणी हा शाळेतला वर्ग याच कारणाने अडचणीत येतो. मगरीचं नातं पालीपेक्षा चिमणीशी जवळचं आहे. तेव्हा मगर आणि पाल एका वर्गात घेऊन चिमणी बाहेर ठेवली की एका फांदीची अर्धीच पिल्लावळ घेतल्यासारखं होतं.

अकेशियाच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा हेच निघालं. ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींचं नातं बाभळीपेक्षा शिरीषाच्या गटाशी जवळचं निघालं. खैराची शाखा वेगळी, बाभळीची वेगळी. म्हणजे ‘पुष्कळ सुटे पुंकेसर’ ही खूण एका घराण्याची नव्हती. आता दोनच रस्ते उरले. एक तर शिरीषासकट सगळं अकेशियात घालायचं आणि अवाढव्य, निरुपयोगी वंश करायचा. नाहीतर अकेशियाचे तुकडे करायचे. तुकडे केले गेले. बाभूळ आणि हिवर वॅचेलियात गेले, खैर आणि शिकेकाई सेनेगालियात. ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशियातच राहिली.

हे वर्गीकरण झालं. नावाची गोष्ट इथून सुरू होते, आणि तीच लोकांना सगळ्यांत जास्त खटकते. अकेशिया हे नाव काट्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेलं, नाईल नदीकाठच्या काटेरी झाडाला लावलेलं. मग ते आपल्या बाभळीकडून काढून बिनकाट्याच्या ऑस्ट्रेलियन झाडांना का दिलं?

प्रत्येक शास्त्रीय नाव एका नमुन्याला खिळ्यासारखं ठोकलेलं असतं. जातीचं नाव एका विशिष्ट वाळवलेल्या फांदीला किंवा जतन केलेल्या प्राण्याला, वंशाचं नाव एका विशिष्ट जातीला. गट फुटला की जुनं नाव ज्या तुकड्यात तो खिळा असेल त्याच्याकडे जातं, बाकीच्यांना नवं किंवा अडगळीतलं जुनं नाव मिळतं. अकेशियाचा खिळा बाभळीत होता. नियम तसाच चालवला असता तर ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ हजार जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून अकेशियाचा खिळा काढून अकेशिया पेनिनर्व्हिस या ऑस्ट्रेलियन जातीत ठोकावा असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्यावर मतदान झालं. प्रस्तावाच्या विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली, पण नामकरणाच्या समितीने प्रस्तावाच्या बाजूने केलेली शिफारस उलटवायला लागणारी ६० टक्के भरली नाहीत. प्रस्ताव टिकला, आणि २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत तो कायम झाला. आफ्रिका आणि भारतातल्या अनेक अभ्यासकांना ते बोचलं, आणि ते बोचणं मला रास्त वाटतं. तरीही पाटीवर मान्य नावच लिहावं, कारण दोन देशांत दोन नावं सुरू झाली की नावाचा उपयोगच संपतो.

वॅचेलिया हे नाव त्यासाठी नव्याने पाडलेलं नाही. वाइट आणि आर्नट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते १८३४ मध्येच एका जवळच्या काटेरी झाडासाठी छापलं होतं. सेनेगालिया १८३८ चं. फुटलेल्या तुकड्याला नाव द्यायचं तर आधी जुन्या छापील नावांत शोधावं लागतं आणि सगळ्यांत जुनं नियमबद्ध नाव उचलावं लागतं. वनस्पतींसाठी ही मोजणी १७५३ पासून, प्राण्यांसाठी १७५८ पासून होते. दोन्ही वर्षं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ग्रंथांची.

बाभळीच्या नावामागे माणसांची नावं येतात, त्यात हा सगळा इतिहास बांधलेला असतो. आधी कंसात ‘एल.’, म्हणजे लिनियस: १७५३ मध्ये त्याने हिला मिमोसा निलोटिका म्हटलं, लाजाळूच्या वंशात घालून. पुढे दलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती अकेशियात नेली, आणि २००८ मध्ये हर्टर व मॅबर्ली यांनी वॅचेलियात. कंसातला माणूस मूळ नाव देणारा, कंसाबाहेरचे झाडाला सध्याच्या वंशात आणणारे. दोन वेळा घर बदललं, ‘निलोटिका’ मात्र तेच राहिलं. जुन्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांतलं ‘अरेबिका’ हे त्याच झाडाला नंतर पडलेलं दुसरं नाव, म्हणून ते समानार्थी यादीत गेलं.

वरच्या पायऱ्यांवर बाभळीचा पत्ता असा: गण फॅबेलीस, कुल फॅबेसी, उपकुल सीसॅल्पिनिऑइडी. वनस्पतींत गणाच्या नावाचा शेवट ‘एलीस’ आणि कुलाचा ‘एसी’ असतो, प्राण्यांत कुलाचा शेवट ‘इडी’. एवढं लक्षात ठेवलं तरी अनोळखी नाव कोणत्या पायरीचं आहे ते कळतं. जुन्या पुस्तकात बाभूळ मिमोसेसीत, गुलमोहर सीसॅल्पिनिएसीत आणि पळस तिसऱ्याच कुलात दिसेल. आता तिन्ही फॅबेसीत आहेत, आणि २०१७ पासून या कुलाची सहा उपकुलं मानतात; लाजाळू-बाभळीचा जुना गट गुलमोहराच्या उपकुलात सामावला. अशीच उलथापालथ इतरत्रही झाली. साग आता तुळशीच्या कुलात आहे, रुई करवंदाच्या, आणि सावर जास्वंदीच्या. पायऱ्यांबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. कुल म्हणजे अमुक इतकं वेगळेपण असं कुठलंच माप नाही. फुलझाडांचं एक कुल आणि पक्ष्यांचं एक कुल यांची वयं किंवा आकार सारखे असतील असं मुळीच नाही. पायरी ही सोय आहे. खरी गोष्ट फांदीची.

कोणती खूण विश्वासाची, हा या कामातला खरा कस. सारखं दिसणं दोन कारणांनी येतं: एक पूर्वज असल्यामुळे, किंवा सारख्या परिस्थितीत राहिल्यामुळे. दुसऱ्याचा सगळ्यांत चांगला नमुना आपल्या कुंपणावर आहे, आणि मराठीने दोघांना एकच नाव दिलंय. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग. दोघं मांसल, हिरव्या खोडाचे, काटेरी, पानं जवळजवळ नाहीत. काडी खुपसून बघा. त्रिधारीतून पांढराशुभ्र चीक वाहतो, फड्यातून पाणचट रस. (त्रिधारीचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. हे काम मोठ्यांनी हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं.) आता काटे बघा: फड्याचे काटे एका बारीक लवदार उशीतून झुबक्याने निघतात, त्रिधारीचे जोडीने धारेवर येतात. फूल तर अगदीच वेगळं: फड्याचं मोठं, पुष्कळ पाकळ्यांचं, त्रिधारीचं म्हणजे हिरवट-पिवळी वाटी, जिच्यात एकेका पुंकेसराची नरफुलं आणि मधे एक मादीफूल. त्रिधारी एरंडाच्या कुलातला, फड्या अमेरिकेतून आलेल्या कॅक्टस कुलातला. कोरड्या जागेने दोघांना एकच पोशाख चढवला.

यावरून एक धोरण हाताशी येतं. पाणी, ऊन, चाऱ्याची पद्धत, पळण्याचा वेग यांच्याशी थेट बांधलेल्या खुणा एकट्या कधी वापरू नयेत. खोडाचा मांसलपणा, पानाचं आकारमान, अंगाचा रंग, पायाची लांबी या त्यातल्या. फुलाची मांडणी, बीजांडं कुठे चिकटलेली आहेत, कीटकांत नराच्या जननेंद्रियाचा आकार, बेडकांत नराची हाक, सापसरड्यांत खवल्यांची संख्या आणि मांडणी या जास्त भरवशाच्या. त्यातही एकच खूण कधीच पुरत नाही. स्वतंत्र अशा अनेक खुणा एकाच फांदीकडे बोट दाखवू लागल्या की मगच गट धरायचा.

प्राण्यांतलं उदाहरण साताऱ्याचं घेऊ. चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात दगडावर बसून गळ्याखालचा पंखा उघडझाप करणारे सरडे दिसतात. कुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये पुदुच्चेरीच्या नमुन्यांवरून सिताना पाँटिसेरियाना हे नाव दिलं, आणि पुढे भारतभरचे असे बहुतेक सगळे सरडे त्या एकाच नावाखाली धरले जात. २०१६ मध्ये द्वीपकल्पातले नमुने, त्यांची मापं आणि जनुकं एकत्र तपासून पाच नव्या जाती आणि एक नवा वंश मांडण्यात आला. त्या वंशाचं नाव ‘सरडा’, आपला मराठी शब्द जसाच्या तसा. चाळकेवाडीचा तो निळ्या, काळ्या आणि नारिंगी पंख्याचा देखणा प्राणी म्हणजे सरडा सुपर्बा. जेर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७० मध्ये दिलेलं ‘डेक्कनेन्सिस’ हे नावही त्या वेळी धूळ झटकून वर आलं, सरडा डेक्कनेन्सिस म्हणून. नवा गट मांडताना जुन्या नावांचा हिशोब असा आधी चुकता करावा लागतो. तो न करता नवं नाव छापलं आणि जुनं निघालं, तर नवं नाव बाद होतं.

हे सगळं मांडताना हाताने करायचं काम कसं चालतं, तेही सांगतो. वनस्पतीचा नमुना फुलासह हवा, जमल्यास फळासहही. नुसत्या पानाची फांदी आणू नये. वनस्पतिसंग्रहाचा कागद आपल्याकडे साधारण ४२ × २८ सेंटिमीटरचा, म्हणून फांदी ३५ सेंटिमीटरच्या आत ठेवावी. गवतासारखं लांब झाड तोडू नये, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एन’ अक्षरासारखं दुमडावं. दोन-तीन पानं उलटी ठेवावीत, म्हणजे खालची बाजूही दिसते. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून दाबपट्टीत आवळावं आणि पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलावेत. कोकणात पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी येते. त्रिधारीसारखी मांसल झाडं दाबातही जिवंत राहतात आणि पानं गाळतात, म्हणून ती आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावी लागतात. एकाच झाडाच्या चार-सहा प्रती एकाच क्रमांकाने कराव्यात, वेगवेगळ्या संग्रहांत पाठवायला.

डीएनएसाठी कोवळ्या पानाचा तुकडा वेगळा घ्यावा आणि त्याच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवावा. चोवीस तासांत तो कुरकुरीत झाला पाहिजे. दोन दिवस लोळागोळा राहिलेल्या पानातून नीट डीएनए मिळत नाही.

चिठ्ठी हा नमुन्याचा अर्धा जीव. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, जमीन कसली, झाडाची उंची, स्थानिक नाव, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. शिवाय वाळल्यावर जे जातं ते सगळं: फुलाचा रंग, वास, चीक. ‘महाराष्ट्र, जून’ एवढीच चिठ्ठी असलेला नमुना जवळजवळ कुचकामी. प्राण्यांतही तेच. सरड्याच्या पंख्याचा रंग अल्कोहोलमध्ये उतरतो, म्हणून जिवंत असतानाच फोटो घ्यावा लागतो. मात्र प्राणी स्वतः पकडायला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पुष्कळ प्राण्यांसाठी त्याला परवानगी लागते. नवी जाती सापडली तर जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे तिचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे.

मग नमुना जवळच्या सगळ्या जातींच्या नामधारक नमुन्यांशी, म्हणजे ज्यांना नाव ठोकलेलं आहे त्यांच्याशी, ताडून बघायचा, पुस्तकातल्या वर्णनाशी नव्हे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे, मुंबईत झेवियर महाविद्यालयातला ब्लाटर संग्रह. प्राण्यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा. वनस्पतींचे बरेच जुने नमुने लंडनमधल्या क्यू उद्यानात आहेत, पण त्यांतल्या पुष्कळांची चित्रं आता घरबसल्या दिसतात.

डीएनएवर आंधळा भरवसा ठेवू नये, हे मुद्दाम लिहितो, कारण विद्यार्थी तिथेच फसतात. प्राण्यांत ‘सीओआय’ नावाचा साधारण ६५८ अक्षरांचा जनुकतुकडा ओळखीसाठी वापरतात, वनस्पतींत ‘आरबीसीएल’ आणि ‘मॅटके’. वनस्पतींतले हे दोन्ही तुकडे हरितलवकातले. ते एकाच वंशातल्या दोन जातींत तंतोतंत सारखे निघू शकतात आणि बहुतेक फुलझाडांत फक्त मातेकडून येतात, म्हणून संकर झालेला असला तरी दिसत नाही. त्यासाठी केंद्रकातला तुकडा जोडीला लागतो. प्राण्यांत तंतुकणिकेतल्या सीओआयची खोटी प्रत कधीकधी केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि तीच वाचली जाते. मधेच थांबण्याची सांकेतिक खूण दिसली तर लगेच संशय घ्यावा. आणि ‘९९ टक्के जुळतं’ याचा अर्थ सार्वजनिक साठ्यात कोणीतरी दिलेल्या नावाशी जुळतं एवढाच. तो मूळ नमुनाच चुकीचा ओळखलेला असेल तर तुमची चूक त्याच्या चुकीवर रचली जाते. ज्या अनुक्रमाचा नमुना कुठल्या संग्रहात आहे ते सांगता येतं, तोच धरावा.

वंशवृक्ष काढल्यावर प्रत्येक फाट्याशी तो किती भक्कम आहे हे सांगणारा एक आकडा येतो. पुनर्नमुना पद्धतीत (त्याच माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून झाड बांधायचं आणि शंभरातून किती वेळा तो फाटा येतो ते बघायचं) साधारण ७० च्या खालचा फाटा कच्चा धरतात. अशा फाट्यावर नवा वंश उभारला की दहा वर्षांत तो पडतो, आणि मधल्या काळात पाट्या मात्र बदललेल्या असतात.

ओळखण्यातल्या चुका जास्त घरगुती असतात. ॲपला फक्त पानाचा फोटो देणं, ही पहिली. बाभळीचं आणि हिवराचं पान ॲपला सारखंच दिसतं. फूल, काट्याची जागा आणि शेंग असे तीन फोटो द्या: बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, पांढऱ्या लवेची, खैराची चपटी, तपकिरी. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या प्रदेशासाठी लिहिलेली ओळखतालिका (एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारी यादी) वापरणं. तिच्यात तुमचं झाडच नसतं, पण ती कुठल्यातरी नावापर्यंत पोहोचवतेच. तिसरी, मादी किंवा पिल्लावरून नाव ठरवणं. पंख्याच्या सरड्यांत पंखा नराचा, तोही विणीच्या हंगामात खुलणारा. हंगामाबाहेर पाहिलेल्या मादीला फक्त ‘वंश अमुक’ एवढंच लिहावं. वंशापर्यंतच थांबणं यात कमीपणा काही नाही.

आता पाटी. वर मोठ्या अक्षरात मराठी नाव: बाभूळ. खाली रोमन लिपीत शास्त्रीय नाव, तिरप्या अक्षरांत. वंशाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं सगळं लहान. देवनागरीत ते फक्त उच्चारासाठी द्या, कारण देवनागरीत अक्षर मोठं-लहान करता येत नाही आणि वर्णरचना पक्की राहत नाही. त्याखाली ‘पूर्वीचं नाव अकेशिया निलोटिका’ असं बारीक अक्षरात लिहा, म्हणजे जुनं पुस्तक हातात असलेल्या मुलाची वाट चुकणार नाही. मग कुल: फॅबेसी. वेड्या बाभळीच्या पाटीवर प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा असेल तर तीही बदला. २०२२ मध्ये तो वंशही फोडला गेला आणि ती आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा आहे. शमी मात्र प्रोसोपिस सिनेरारियाच राहिली.

नाव पक्कं करायला क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर जुनं नाव टाका, मान्य नाव आणि समानार्थी नावांची यादी दोन्ही मिळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ‘रेप्टाइल डेटाबेस’. दोन ठिकाणी वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका, आधी बघा की मतभेद गटाबद्दल आहे की नावाबद्दल. गटाबद्दल असेल तर दोन्ही नावं नियमांत बसतात. कोणतं वर्गीकरण माना हे नियमांचं पुस्तक सांगत नाही. अशा वेळी एक स्रोत निवडा, सगळ्या पाट्यांना तोच लावा, आणि पाटीच्या कोपऱ्यात वर्ष घाला.